तपासणीच्या टेबलावर मूल अडू नये म्हणून: १० मीटर नेमबाजीतलं साहित्य घरी आणि क्लबात कसं मोजावं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जिल्हास्तरीय स्पर्धेत माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीचं एअर पिस्तूल तपासणीच्या टेबलावरून परत आलं. ट्रिगरला वजन लावून उचललं की वजन वर यायच्या आतच खटका सुटायचा. तीनदा उचललं, तीनदा सुटला. "कामून सर, काल तर बरोबर होतं ना?" ती विचारत होती. काल बरोबर होतं की नव्हतं हे मलाही ठाऊक नव्हतं, कारण आम्ही ते कधी मोजलेलंच नव्हतं. आमच्या रेंजवर त्यासाठीचं वजनच नव्हतं. टेबलावरच्या माणसाने नियमाप्रमाणे केलं. चूक माझी होती, आणि तिची सकाळ मात्र स्क्रू फिरवण्यात गेली.

तेव्हापासून आमच्या रेंजवर एक पत्र्याची पेटी आहे. स्पर्धेत जे जे मोजतात ते सगळं आम्ही त्या पेटीतल्या साधनांनी आधीच मोजतो. महागडी यंत्रं आमच्याकडे नाहीत. लेथवाला, सुतार आणि सोनार ही तीन माणसं मराठवाड्यात प्रत्येक तालुक्याला आहेत, आणि तेवढ्यावर बरंच काम भागतं. हा लेख परभणी, हिंगोली, बीड, जालना, धाराशिवकडच्या छोट्या क्लबांसाठी, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि ज्यांनी नुकतंच लेकराला पिस्तूल किंवा रायफल घेऊन दिली आहे अशा पालकांसाठी आहे.

आधी पत्रक नीट वाचा

शालेय स्पर्धांमध्ये साधारण तीन प्रकार असतात: ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायची) एअर रायफल, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) एअर रायफल आणि एअर पिस्तूल. संघटनेच्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांवर चालतात. निमंत्रणपत्रकात कोणते नियम आणि कोणत्या सालची आवृत्ती लिहिली आहे ते पहिल्यांदा बघा, कारण महासंघ ठरावीक काळाने नियम बदलतो. खाली दिलेले आकडे वर्षानुवर्षं चालत आले आहेत. तरी पत्रकातल्या आवृत्तीशी ते एकदा ताडून घ्या आणि त्या पानाची प्रिंट पेटीत ठेवा. टेबलावर वाद झाला तर "आमचे सर म्हणाले होते" याला काही अर्थ नसतो. पान दाखवलं की दोन मिनिटांत विषय संपतो.

पत्रकात आणखी एक गोष्ट शोधा: जॅकेट-पँटच्या किटला परवानगी आहे का? आयएसएसएफच्या नियमांत रायफलसाठी किट चालतं. पण तालुक्याच्या, शाळेच्या पातळीवर आठ मुलं साध्या शर्टात आणि दोन किटमध्ये एकाच यादीत उभी राहतात, तेव्हा उभ्या स्थितीत किटचा फरक स्पष्ट दिसतो. आयोजक तुम्हीच असाल तर माझं आग्रहाचं सांगणं आहे: किटवाल्यांचा आणि बिनकिटवाल्यांचा निकाल वेगळा लावा, आणि हे पत्रकात आधीच छापा. स्पर्धेच्या सकाळी जाहीर केलं तर ज्याने किट आणलं त्याच्यावर अन्याय होतो. मुळीच जाहीर केलं नाही तर उरलेल्या आठ जणांवर होतो.

पिस्तूल: ५०० ग्रॅमचं वजन

१० मीटर एअर पिस्तुलाचे मुख्य आकडे थोडे आहेत. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १,५०० ग्रॅम. ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा ताण हवा. आणि अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. टेबलावर सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती ट्रिगरपाशी, म्हणून तिथे जरा थांबू.

वजन असं करून घ्या. लेथवाल्याकडून ४० मिलिमीटर जाडीच्या लोखंडी गजाचा साडेचार-पाच सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्या. त्याला वर एक ताठ तार आणि तिच्या टोकाला ट्रिगरवर अडकेल असा आकडा बसवा. आकड्याची टेकणारी कड सुरीसारखी बारीक हवी. तिथे फिरणारी चाकी चालत नाही. सगळं जोडून झाल्यावर वजन ५०० च्या जरा वरच राहू द्या आणि सोनाराकडे घेऊन जा. किराणा दुकानातला काटा पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. सोनाराचा तसं करत नाही. कानशीने घासत घासत आकड्यासकट बरोबर ५०० वर आणा. आमच्या सोनाराने चार वेळा वजन करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. वर मुलगी कोणत्या वर्गात आहे ते विचारलं.

आता तपासणी. पिस्तुलात हवा भरलेली पाहिजे आणि ते कॉक केलेलं, म्हणजे झाडायला तयार केलेलं, पाहिजे, कारण दाब नसताना ट्रिगर वेगळा वागतो. नळीत छर्रा नाही याची दोघांनी खात्री करा. वजन टेबलावर ठेवा, नळी सरळ आकाशाकडे करा, आकडा ट्रिगरच्या मध्याजवळ टेकवा आणि पिस्तूल सावकाश सरळ वर उचला. वजन टेबलापासून सुटून वर आलं आणि खटका पडला नाही, म्हणजे पास. स्पर्धेत जास्तीत जास्त तीन वेळा उचलून बघतात. तिन्ही वेळा नापास झालं तर ट्रिगर जुळवून पुन्हा आणावं लागतं.

इथे तीन चुका नेहमी होतात. एक, मुलं आकडा ट्रिगरच्या अगदी टोकाला अडकवतात. टोकाला तरफ लांब होते, म्हणून तिथे खटका लवकर सुटतो, आणि घाबरून ट्रिगर विनाकारण जड केला जातो. दोन, झटक्याने उचलतात. झटका बसला की ५०० ग्रॅमचा ताण क्षणभर बराच वाढतो. तीन, आणि ही सगळ्यात महागात पडते, ट्रिगर बरोबर ५०० वर लावतात. प्रवासात स्क्रू किंचित सरकतो, एसटीत चार तास धक्के बसतात, आणि सकाळी ४९० निघतात. ट्रिगर ५१० ते ५२० वर ठेवा. त्या वीस ग्रॅमने मुलाचा स्कोअर पडत नाही.

शेवटच्या शॉटनंतर काही खेळाडूंची सोडतीने पुन्हा तपासणी होते. तिथे ट्रिगर हलका निघाला तर जुळवून परत आणायची सोय नाही, खेळाडू थेट बाद होतो. साठ शॉट मारून झालेले असतात, गुण लागलेले असतात, आणि सगळं पुसलं जातं. आधीच्या तपासणीनंतर स्क्रूला हात लावायचा नाही, हे मुलाला नुसतं सांगू नका. ते असं का, हेही समजावून सांगा.

पेटीचं माप सुताराकडून प्लायवूडमध्ये करून घ्या. आतली मापं मिलिमीटरमध्ये लिहून द्या, नाहीतर तो इंचात करील. पिस्तूल दाबून नाही, अलगद बसलं पाहिजे. मूठ लाकडी पुटी लावून भरलेली असली की बहुतेक वेळा ५० मिलिमीटरच्या बाजूलाच अडते. मुठीचा आणखी एक नियम असा की तिने मनगटाला आधार द्यायचा नाही. मनगट मोकळं दिसलं पाहिजे. पिस्तूल धरणाऱ्या हातात घड्याळ, कडं किंवा आधार देईल असा पट्टा चालत नाही. मनगटावर जाड गंडा-दोरा असेल तर आदल्या दिवशी घरच्यांशी प्रेमाने बोलून घ्या. ऐन टेबलावर कात्री लावायची वेळ आली की मूल उदास मनाने फायरिंग पॉइंटवर जातं.

पिस्तुलाला साधी उघडी साइटच लागते. दुर्बीण, लेसर, आरसा यातलं काही नाही. नजरेची भिंग लागत असेल तर ती चष्म्यात, पिस्तुलावर नाही. पायात घोट्याचं हाड न झाकणारा साधा बूट हवा. घोटा आवळणारा उंच बूट पिस्तुलाला चालत नाही.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा फोटो घरोघरी पोचला: साधा टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात. त्याला मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक मिळालं. तेव्हापासून पालक विचारतात, मग बाकीचे डोळ्यापुढे पट्टी आणि भिंगं लावतात ती फसवणूक आहे का? नाही. दुसऱ्या डोळ्यापुढची पट्टी नियमात बसते. तिची रुंदी जास्तीत जास्त ३० मिलिमीटर. ती लावायची की दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, हे ज्याने त्याने ठरवायचं. मुलाला पट्टी लागत असेल तर जुन्या फाइलच्या प्लास्टिकची कापून द्या आणि फूटपट्टीने मोजा.

रायफल: वजन आणि साइट

एअर रायफलीच्या ट्रिगरला किमान ताणाची अट नाही, त्यामुळे ती कटकट इथे नाही. पूर्ण वजन ५.५ किलोच्या आत हवं, आणि हे वजन स्पर्धेत लावायच्या सगळ्या जोडण्यांसकट करायचं. हुकाला टांगून सामान तोलतात तो डिजिटल काटा पुरेसा आहे. त्यावर ५.४० च्या वर गेलं तर अर्धा किलोचा एखादा तुकडा काढून ठेवणंच शहाणपणाचं. काटा काट्यासारखा नसतो.

पीप साइटमध्ये भिंगांची जुळणी चालत नाही. नजरेचा नंबर असेल तर एक भिंग फक्त मागच्या साइटला लावता येतं. रंगीत फिल्टर पुढे-मागे कुठेही चालतो. मागच्या साइटला जोडलेली पट्टी ३० मिलिमीटर उंच आणि मध्यापासून १०० मिलिमीटर लांब, याहून मोठी नको. उभ्या स्थितीत पट्टा, म्हणजे स्लिंग, लावता येत नाही. एनसीसीमधून आलेली पोरं .२२ रायफल पोटावर झोपून मारायला शिकलेली असतात, त्यांचा हात सवयीने पट्ट्याकडे जातो. हीच पोरं कधी कॅमफ्लाज पँट घालून येतात. पोशाखाच्या नियमात कॅमफ्लाज, जीन्स आणि सँडल तिन्ही बाद आहेत. पत्रक पाठवतानाच हे ठळक लिहा. चाळीस किलोमीटरवरून आलेल्या मुलाला पँट बदलून ये म्हणणं बरं नाही.

आमच्याकडचा खरा प्रश्न नियमाच्या पुस्तकात फारसा सापडत नाही. एक रायफल आणि चार मुलं. क्लबाची रायफल आळीपाळीने मारायची म्हणजे प्रत्येकाची गालपट्टी वेगळी, दस्त्याची लांबी वेगळी, साइटचे क्लिक वेगळे. दुसऱ्या डिटेलचा, म्हणजे नंतरच्या तुकडीचा, मुलगा रायफल हातात घेतो तेव्हा तयारीच्या आणि सायटर (गुण न धरल्या जाणाऱ्या) शॉटच्या १५ मिनिटांतली निम्मी मिनिटं त्याची नुसती जुळवण्यात जातात. शेजारच्या लेनवर स्वतःची रायफल असलेला मुलगा तेवढ्या वेळात वीस सायटर मारतो. यावर आम्ही दोन उपाय केले. दस्त्यावर, गालपट्टीच्या दांडीवर बारीक टेप लावून प्रत्येक मुलाची खूण वेगळ्या रंगाच्या पेनने केली, आणि प्रत्येकाने आपले क्लिक वहीत लिहायला सुरुवात केली: मुलाचं नाव, छर्र्याचा डबा, साइट वर-खाली किती, डावी-उजवी किती. खुणा केल्यावर जुळवणी तीन मिनिटांवर आली. दुसरं, आयोजकांना आधीच लिहून कळवलं की या चौघांची रायफल एक आहे, त्यांना चार वेगळ्या डिटेलमध्ये टाका आणि मध्ये एक डिटेल मोकळी ठेवा. वेळेवर लिहिलं तर बहुतेक आयोजक ऐकतात.

कपडे: जाडी, कडकपणा, ढिलेपणा

किटचे नियम का आहेत हे मुलांना कळलं की मोजमापाचा राग येत नाही. जॅकेटने आधार द्यावा, पण शरीराला लाकडाच्या चौकटीसारखं पकडून ठेवू नये, एवढाच उद्देश आहे. चौकटीत उभा राहिलेला मुलगा नेम धरत नसतो, चौकट धरत असते.

जॅकेट आणि पँटचं कापड एकेरी २.५ मिलिमीटरपेक्षा जाड नको. आत घातलेल्या कपड्यालाही हीच मर्यादा. डिसेंबरच्या सकाळी लातूर-नांदेडकडे चांगलाच गारठा असतो, आई आतून स्वेटर घालून पाठवते, आणि विणलेला स्वेटर सहज तीन मिलिमीटर भरतो. आत पातळ बनियन आणि टी-शर्ट घाला, स्वेटर फायरिंग पॉइंटच्या मागे काढून ठेवा. हातमोजाची एकूण जाडी १२ मिलिमीटर. बुटाचा तळ १० मिलिमीटर, वरचा भाग ४.

मोजायचं कसं? अधिकृत गेजमध्ये ३० मिलिमीटर व्यासाच्या दोन सपाट चकत्या असतात आणि कापडावर ५ किलोचा दाब देतात. आयटीआयमधल्या व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यांत कापड नुसतं चिमटीत धरलं तर ते जास्त दबतं आणि आकडा कमी येतो. म्हणून लेथवाल्याकडून ३० मिलिमीटरच्या दोन चकत्या कापून घ्या, कापड त्यांच्या मध्ये ठेवा, बाहेरून मोजा आणि चकत्यांची जाडी वजा करा. तुमच्या मोजणीत २.३ च्या वर आलं तर जपून राहा.

कडकपणासाठी ६० मिलिमीटर व्यासाच्या गोल पोकळीवर कापड पसरतात आणि मध्ये २० मिलिमीटरच्या चकतीवर १,००० ग्रॅम ठेवतात. कापड किमान ३ मिलिमीटर खाली गेलं पाहिजे. जाड प्लास्टिक पाइपचा तुकडा आणि किराण्यातलं एक किलोचं वजन घेऊन याची ढोबळ कल्पना येते. मुलं घामेजलेलं जॅकेट उन्हात दोरीवर टाकतात. मे महिन्यात आमच्याकडचं ऊन कापडाला पापडासारखं कडक करतं. जॅकेट सावलीत, खांदे रुंद असलेल्या हँगरवर वाळवा.

जॅकेट फार घट्टही नको. हात खाली सोडून उभं राहिल्यावर, बटणं लागतात त्या जागेच्या पुढे समोरचे दोन्ही पदर एकमेकांवर आणखी ७० मिलिमीटर यायला हवेत, ६ ते ८ किलोच्या ओढीने. सामानाचा तोच हुकाचा काटा पदराला अडकवून ओढा आणि फूटपट्टीने मोजा. वाढत्या वयाच्या मुलांचं हे दर तीन महिन्यांनी करा. मागच्या हंगामात ढिलं असलेलं जॅकेट या हंगामात नापास होतं, त्यात कुणाची लबाडी नसते, पोरगं नुसतं वाढलेलं असतं. जॅकेटची खालची कड, हात खाली सोडून आवळलेल्या मुठीच्या खाली जायला नको. मोठ्या भावाचं जॅकेट घातलेल्यांचं हे आधी बघा.

बुटाच्या तळाचा पुढचा भाग धरून टाच उचलली की १५ न्यूटन-मीटरच्या जोराने तो किमान २२.५ अंश वाकला पाहिजे. वाकणाऱ्या जागेपासून २० सेंटिमीटरवर हुकाचा काटा लावला तर हा जोर साधारण साडेसात किलोचा होतो. तेवढ्यात बूट वाकत नसेल तर नव्या बुटांनी रोज रेंजवर चालायला सांगा. टाच-पंजा करत सहज चालता येईल असाच बूट नियमात बसतो.

गुडघा किंवा पाठ दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या चिकट पट्ट्या लावून येऊ देऊ नका. किनेसिओ किंवा मेडिकल टेपने अंग बांधणं नियमाने बंद आहे. दुखत असेल त्या दिवशी मुलाने शूटिंग करू नये.

सिलिंडर आणि छर्रे

हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. त्याची मुदत उत्पादकाने सांगितलेली, जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि ती सांभाळायची जबाबदारी खेळाडूची. जुनं पिस्तूल विकत घेताना पालक नळी बघतात, मूठ बघतात, सिलिंडरची तारीख बघायची राहते. संपलेल्या मुदतीचं सिलिंडर भरू नका. २०० बारचा दाब म्हणजे चेष्टा नाही. बंद गाडीत, टपावर, उन्हात ठेवू नका. हातपंपाने भरत असाल तर सुकी हवा जाईल अशी काळजी घ्या, पावसाळ्यात आत पाणी साठतं.

छर्रे ४.५ मिलिमीटरचेच, आणि कागदी टार्गेटवर सपाट तोंडाचेच. टोकदार छर्रा कार्ड फाडतो, भोक नीट गोल पडत नाही आणि गुणावरून भांडण होतं. छर्रे शिशाचे असतात, हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही.

भारतात ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. तरी प्रवासात खरेदीचं बिल आणि ओळखपत्र पेटीत ठेवा, बंदूक बंद पेटीत, छर्रे वेगळे. एसटीत, बसस्टँडवर पेटी उघडून दाखवायची नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

रेंज: सगळ्या लेन सारख्या आहेत का

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये स्पर्धा घेत असाल तर टार्गेट लावायच्या आधी टेप घ्या. फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंत १० मीटर, पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. टार्गेटचा मध्य १.४० मीटर उंचीवर. तिथे किमान १,५०० लक्स उजेड हवा. मोबाइलमधला लक्सचा अॅप अचूक नसतो, पण लेन एक आणि लेन आठ यांची तुलना करायला चालतो. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीनला शेवटच्या लेनवर ऊन येत असेल तर खिडकीला आधीच सतरंजी बांधा. लेनचे आकडे लांबून दिसतील एवढे मोठे लिहा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅट एमन्सने अंतिम फेरीतला शेवटचा शॉट शेजारच्या टार्गेटवर मारला. सुवर्ण हातात आलेलं होतं, शून्य मिळाला आणि तो आठवा गेला. लहान मुलांकडून हे सहज होतं. चुकीच्या टार्गेटवरचा शॉट मारणाऱ्याच्या खात्यात शून्य. ज्याच्या कार्डावर जास्तीचं भोक पडलं त्याला दंड नाही.

लेनची सोडत सगळ्यांसमोर काढा. एखाद्या पालकाला वशिला झाल्याचा संशय आला तर दिवसभर त्याचं मन साफ होत नाही.

वीज गेली तर घड्याळ सगळ्यांचं एकदम थांबवा. खेळाडूची चूक नसताना तीन मिनिटांपेक्षा जास्त व्यत्यय आला तर गेलेला वेळ भरून मिळतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त झाला तर वर आणखी पाच मिनिटं आणि सायटर शॉट. इन्व्हर्टर असला तरी सूचना देणाऱ्याच्या हातात शिट्टी असू द्या.

स्वतःच्याच बंदुकीत बिघाड झाला तर मात्र गोष्ट वेगळी. टोकियोत, २५ जुलै २०२१ रोजी, मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला. दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि उरलेले शॉट उरलेल्या वेळातच संपवावे लागले. ५७५ गुण झाले, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. म्हणून स्पर्धेला जाताना सुटा स्प्रिंग, ओ-रिंग, अॅलन की आणि भरलेलं दुसरं सिलिंडर सोबत ठेवा. आणि बदली पिस्तूल असेल तर तेही आधीच तपासून, स्टिकर लावून घ्या. तपासणी न झालेली बंदूक मध्येच घेता येत नाही.

तपासणीचं टेबल कसं चालवावं

तुमच्यावर ही जबाबदारी आली तर टेबल आदल्या संध्याकाळी लावा. सकाळी सात ते आठच्या गर्दीत न्याय होत नाही, घाई होते. प्रत्येक खेळाडूसाठी एक कागद करा: वजन, ट्रिगर, पेटी, साइट, जॅकेट, बूट, सिलिंडरची तारीख. प्रत्येकापुढे मोजलेला आकडा लिहा. नुसती बरोबरची खूण करू नका. आकडा मुलाला दाखवून लिहा, त्याची सही घ्या, आणि पास झालेल्या बंदुकीला तारखेचं स्टिकर लावा.

ज्याचा विद्यार्थी स्पर्धेत आहे त्याने एकट्याने मोजू नये. आपल्याकडे छोट्या जिल्ह्यात सगळेच एकमेकांचे ओळखीचे असतात, म्हणून दुसऱ्या क्लबाचा एक माणूस शेजारी बसवा. माझी मुलं असतात तेव्हा मी टेबलावरून उठतो.

सकाळच्या तपासणीत नापास झालेल्याला दुरुस्त करून परत येऊ द्या, आणि किती वाजेपर्यंत येता येईल ते फळ्यावर लिहा. मुलाशी हळू बोला. नापास जॅकेट हातात धरून सगळ्यांसमोर उंच करू नका.

स्पर्धेत शिस्तीची कार्डं तीन: पिवळं म्हणजे ताकीद, हिरवं म्हणजे गुणकपात, लाल म्हणजे बाद. फायरिंग पॉइंटवर खेळाडूकडे मोबाइल नको. प्रशिक्षकाने त्याच्याशी बोलायचं नाही. पालकांना हे सुरुवातीलाच माइकवर सांगा, कारण मागून "शांत मार रे बाळा" म्हणणाऱ्या बापाला आपण नियम मोडतोय हे माहीतच नसतं.

औषधांचा एक विषय इथेच बोलून टाकतो, कारण आमच्याकडे तो कुणी काढत नाही. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं नेमबाजीत बंद आहेत, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. ती ठोके कमी करतात, हाताचा कंप थांबवतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन्ही पदकं प्रोप्रॅनोलॉलमुळे काढून घेतली गेली. हेच औषध आपल्याकडे डॉक्टर अर्धशिशीला, धडधडीला लिहून देतात. मूल असं काही घेत असेल तर औषध स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना खेळाबद्दल सांगा, दुसरा पर्याय विचारा, आणि पर्याय नसेल तर वैद्यकीय सवलतीचा रीतसर अर्ज करा.

कार्ड तपासणं आणि नंतरचं

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा, पिस्तुलाच्या टार्गेटवर ११.५ मिलिमीटरचं वर्तुळ. भोक रेषेला टेकलं तर वरचा गुण. डोळ्याने ठरत नसेल तर गेज, म्हणजे भोकात घालायचं माप, लावायचा. गेज एका भोकात एकदाच घालतात, कारण दुसऱ्यांदा घातला की भोकच मोठं होतं. ज्याने घातला त्याने कार्डावर सही करून निकाल लिहावा. पावसाळ्यात कार्डं दमट होतात आणि भोकाच्या कडा फाटतात, म्हणून आम्ही गठ्ठा डब्यात, कोरड्या तांदळाची थैली शेजारी ठेवून, झाकण लावून ठेवतो.

निकाल फळ्यावर लागल्यावर गुणांबद्दलच्या हरकतीला दहा मिनिटं असतात. निकाल लावल्याची वेळ घड्याळात बघून फळ्यावर लिहा. हरकत लेखी घ्या, कार्ड समोर ठेवा, हरकत घेणाऱ्या मुलाला तिथेच उभं राहू द्या आणि आपण काय बघतोय ते त्याला बोटाने दाखवा.

तपासणीचे कागद फेकू नका. प्रत्येक क्लबाला त्यांच्या मुलांच्या कागदाचा फोटो पाठवा. कुणाचा ट्रिगर ५०२ वर होता, कुणाचं जॅकेट ७२ मिलिमीटरवर होतं, हे त्यांना पुढच्या स्पर्धेच्या आधी कळलं पाहिजे. आणि आपलं ५०० ग्रॅमचं वजन पेटीत ठेवण्यापूर्वी तेल लावून पुसा. गंज चढला की ते जड होतं, घासलं की हलकं. पुढच्या हंगामाच्या आधी ते पुन्हा सोनाराच्या काट्यावर न्या.